‘ते लोक’ म्हणजे नेमके कोण?

एका तरुणीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “माझे वडील कुणाच्याही अडीनडीला धावून जाणारे. पण एका विशिष्ट समाजाचं नाव निघालं की त्यांचा चेहराच बदलतो. ‘ते सगळे सारखेच’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण त्याच समाजातली आहे. तिच्याशी मात्र ते नीट वागतात, ‘ती वेगळी आहे’ म्हणतात. मी आकडे दाखवले, बातम्या दाखवल्या, भांडले. काही उपयोग झाला नाही. आता तर असा विचार करणाऱ्या सगळ्याच माणसांची मला किळस येऊ लागली आहे. माणसं आख्ख्या समूहाचा द्वेष का करतात?”

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक वडिलांचं, ‘ती वेगळी आहे’. दुसरं तुमचं, किळस येऊ लागल्याचं. त्या दोन्हींकडे मी येणार आहे, पण त्याआधी राग आणि द्वेष यांतला फरक सांगते. त्यावाचून पुढचं नीट समजणार नाही.

हा फरक अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. राग नेहमी एखाद्या माणसाचा येतो. द्वेष मात्र आख्ख्या वर्गाचाही करता येतो. राग काळाने निवतो, द्वेष निवत नाही. रागावलेल्याला वाटतं, समोरच्याला कळावं, त्यालाही दुखावं. द्वेष करणाऱ्याला वाटतं, तो नसावाच. माझ्या खोलीत हे मी रोज पाहते. रागावलेला माणूस अजून कुणाची तरी वाट पाहत असतो. त्याने यावं, बघावं, माफी मागावी. द्वेष करणाऱ्याला त्या लोकांकडून काहीच नको असतं, म्हणून त्याचा आवाज पुष्कळदा शांत असतो. नव्याने काम करताना या शांतपणामुळे मी फसायचे. मला वाटायचं, हा विचारी माणूस आहे, पुरावे दिले तर ऐकेल.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचे एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आले होते. भागीदारीतला धंदा बुडाला होता. पहिल्या तिन्ही भेटींत ते झोपेबद्दल जेमतेम पाच मिनिटं बोलले असतील. बाकी सगळा वेळ एका समाजाबद्दल. ते लोक गोड बोलतात, ते लोक एकमेकांना धरून असतात, त्यांच्या रक्तातच आहे. मी थांबवलं नाही आणि खोडूनही काढलं नाही. चौथ्या भेटीत विचारलं, “त्या माणसाचं नाव काय होतं?”

ते गप्प झाले. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. मग नाव सांगितलं, नुसतं पहिलं नाव, घरच्या माणसाला हाक मारावी तसं. त्यानंतर त्यांचं व्याकरणच बदललं. ‘ते लोक फसवतात’ गेलं आणि ‘तो म्हणाला, तू सही कर, बाकी मी बघतो’ आलं. बऱ्याच वेळाने, खाली बघत, “मी वाचलं नव्हतं.” थोरल्या भावाने आधीच बजावलं होतं. बायकोने विचारलं होतं, कागद वाचलेत ना? तिला त्यांनी ‘हो’ सांगितलं होतं.

‘मी वाचलं नव्हतं’ एवढं म्हणायला त्यांना चार वर्षं आणि चार भेटी लागल्या. तोवर त्या शब्दांवर एका आख्ख्या समाजाचं झाकण ठेवलेलं होतं. त्या सगळ्यांच्या रक्तातच फसवणूक असेल, तर यांची चूक उरतच नाही. बायकोशी खोटं बोलल्याची लाजही उरत नाही. त्या लाजेपेक्षा द्वेष सोसायला सोपा होता. म्हणून आकडेवारीने तो हलला नसता. त्यांना आकडे खोटे वाटत होते म्हणून नव्हे. आकडे मान्य केले असते तर खालचं उघडं पडलं असतं म्हणून.

त्या गृहस्थांचं पुढे फार काही बदललं असं मी सांगणार नाही. त्या समाजात त्यांनी नवी मैत्री जोडली नाही. पण एक दिवस बायकोला खरं सांगितलं आणि झोप लागू लागली. नंतर ते ‘तो’ आणि ‘ते’ वेगळे वेगळे वापरू लागले. मला ते पुरेसं वाटलं.

या शब्दाकडे मी फार लक्ष देते. मराठीत ‘ते’ आदरानेही म्हणतात. वडिलांबद्दल लिहिताना तुम्हीही ‘ते’च लिहिलं आहे. त्याच शब्दाला ‘लोक’ चिकटला की आदर गळून पडतो आणि मागे तोंडं नसलेला घोळका उरतो. घोळक्याला नाव नसतं, आई नसते, कालचा दिवस नसतो. बोलणारा ‘ते लोक’वरून एखाद्या नावावर आला, की बोलणं पुढे सरकण्याची शक्यता निर्माण झाली असं मी समजते.

पण प्रत्येक द्वेषामागे असा एखादा भागीदार असतोच असं नाही. पुष्कळांना ‘त्या लोकांपैकी’ कुणी कधी भेटलेलंही नसतं. १९४६ साली यूजीन हार्टली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम प्रसिद्ध झालं. त्याने विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या समूहांबद्दल मत विचारलं होतं, आणि यादीत तीन नावं मनाने रचून घातली होती: डॅनिरियन, पायरेनियन आणि वॅलोनियन. असे लोक जगात नव्हतेच. तरीही खऱ्याखुऱ्या समूहांबद्दल ज्यांचं मत कडवट होतं, त्यांचं या तिघांबद्दलही कडवट निघण्याकडे कल होता. जे अस्तित्वात नाहीत ते कुणाचं काय बिघडवणार? म्हणून कुणी मला ‘त्या लोकांनी’ काय काय केलं याची यादी ऐकवू लागला की मी यादी ऐकते, पण लक्ष सांगणाऱ्याकडे ठेवते.

यादीतून मनाचा आणखी एक व्यवहार दिसतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. भाताला ते लागू पडतं, कारण एकाच पातेल्यात सगळी शितं सारखीच शिजतात. माणसांना ते लागू पडत नाही, आणि हे आपल्याला माहीतही असतं. आपल्या माणसाने चोरी केली की आपण लगेच म्हणतो, उडदामाजी काळे-गोरे असायचेच. त्यांच्यातल्या एकाने केली की ते सगळे एका माळेचे मणी. चांगुलपणाला हाच न्याय उलटा लागतो. आपल्यातला भला माणूस म्हणजे आपले संस्कार, त्यांच्यातला भला माणूस म्हणजे अपवाद. सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ मध्ये हा दुहेरी हिशेब नीट मांडून दाखवला.

आता ‘ती वेगळी आहे’ या वाक्याकडे येते. तुम्हाला त्यातून आशा वाटत असेल. वाटावी, पण सावधपणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच हे टिपलं होतं: समज आणि अनुभव यांची टक्कर झाली की मन कुंपणाला तेवढ्यापुरती फट पाडतं, एकाला आत घेतं आणि कुंपण पुन्हा बंद करून टाकतं. तुमची मैत्रीण वडिलांच्या घरात आली, मनात आली, पण त्या समाजाबद्दलच्या मताला तिचा धक्काही लागला नाही. उलट आता त्यांच्याकडे एक दाखला आहे: ‘मी द्वेष करत असतो तर हिच्याशी असा वागलो असतो का?’ आणि तिच्या बाजूनेही विचार करा. ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस’ हे ज्याला कौतुक म्हणून ऐकावं लागतं, त्याच्या आईवडिलांना त्याच वाक्यात नावं ठेवलेली असतात. अशी माणसं माझ्याकडे आली आहेत. त्यांना शिव्यांपेक्षा हे कौतुक जास्त लागलेलं असतं.

आपण आणि ते, अशी रेघ ओढणं माणसाला फार सोपं जातं, इतकं की भीती वाटावी. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना ते जर्मनांच्या कैदेत पडले. सुटून आले तेव्हा घरची जवळजवळ सगळी माणसं मारली गेली होती. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग १९७० पासून प्रसिद्ध होऊ लागले. मुलांना दोन चित्रकारांची, क्ले आणि कँडिन्स्की यांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार दोन गट पडल्याचं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली होती. मग इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला काही मिळणार नव्हतं, कोण कोणत्या गटात आहे एवढंच ठाऊक होतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि मला या निष्कर्षाने वर्षानुवर्षं अस्वस्थ केलं आहे: आपल्या गटाला एरवीपेक्षा कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल त्यांच्यात ठळक दिसला.

तरीही हा द्वेष नव्हे. ती मुलं दुसऱ्या गटाला मारायला धावली नाहीत. रेघेपासून द्वेषापर्यंत बरंच अंतर असतं आणि ते अंतर माणसं सहसा आपापली चालत नाहीत, त्यांना चालवत नेलं जातं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांची चढाओढ लावली. काही दिवसांतच झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण आदल्या वर्षीचा, १९५३ चा प्रयत्न फारसा कुणी सांगत नाही. तो फसला होता. त्या वेळी मुलांची आधी आपसांत ओळख होऊ दिली होती आणि गट नंतर पाडले. मोठ्यांनी कळ लावण्याचा प्रयत्न केला, पण मुलांनी वैर धरलं नाही. मोठीच माणसं काहीतरी करताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त आहे.

मोठ्या प्रमाणावर हीच कळ लावली जाते तेव्हा काय होतं ते १९९४ मध्ये रवांडात दिसलं. सुमारे शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं मारली गेली, बहुतांश तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजातली. सैन्य होतं, शस्त्रं पुरवलेल्या टोळ्या होत्या, याद्या होत्या, आणि आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र होतं. त्यावरून तुत्सींना ‘इन्येंझी’ म्हटलं जात होतं. इन्येंझी म्हणजे झुरळं. मारणाऱ्यांत शेजारी होते.

म्हणून बोलणाऱ्याची शिवी कोणत्या जातीची आहे हे मी बारकाईने ऐकते. लबाड, आळशी, गर्विष्ठ हे शब्द वाईट असले तरी माणसाचे आहेत. लबाडाशी भांडता येतं, तडजोडही करता येते. पण बोलण्यात कीड, घाण, रोग, पैदास हे शब्द येऊ लागले की मी सावध होते, कारण किडीशी कुणी बोलत नाही, ती निपटतात. रागातून किळसेकडे जाणारी ही वाट उतरणीची आहे.

आणि तुमच्या पत्रात नेमका तोच शब्द आहे. वडिलांचा राग येणं रास्त आहे, तो धरून ठेवा. पण ‘असा विचार करणाऱ्या सगळ्याच माणसांची किळस’ या शब्दांत वडील हरवले. अडीनडीला धावणारा तो माणूस एका घोळक्यात विरून गेला. तुम्हाला उपदेश करण्यासाठी हे लिहीत नाही. माझ्यातही ते आहे. एका विशिष्ट धाटणीचं बोलणं दाराबाहेर कानावर पडलं की अजूनही माझे खांदे आखडतात, माणूस आत येण्याआधीच. सत्तावीस वर्षांत ते गेलं नाही. खांदे आखडले हे ओळखायला मात्र शिकले, आणि मग दार उघडायला थोडा वेळ घेते.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे घरच्यांचं सहसा लक्ष जात नाही. द्वेषातून सोबत मिळते. एकोणीस वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील घेऊन आले होते. तो रात्ररात्र मोबाइलवर एका गटात असायचा, एका समाजाविरुद्ध विखारी मजकूर लिहायचा. त्याच्याशी त्या मजकुरावर मी वाद घातला नाही. विचारलं, तिथे तुला काय मिळतं? म्हणाला, “एक दिवस नाही आलो तर विचारतात, कुठे होतास?” कॉलेजात त्याला कुणीही, कधीही हे विचारलं नव्हतं. त्याच्या डोक्यातली वाक्यं खोडणं हे काम नंतरचं होतं. आधी त्याची अनुपस्थिती ज्यांना जाणवेल अशी दुसरी माणसं हवी होती. ती एका गिर्यारोहण गटात मिळाली, सात-आठ महिन्यांनी. त्यानंतर त्याने तो मोबाइलवरचा गट सोडला. सोडल्याचं मला सांगितलंही नाही. मीच एकदा विचारलं तेव्हा कळलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्यांना पिढ्यान् पिढ्या तुडवलं गेलं, त्यांच्या मनात तुडवणाऱ्यांविषयी असलेली कडवट भावना आणि वरच्या पायरीवरून केलेला द्वेष मी एका तराजूत तोलत नाही. पहिल्याच्या मुळाशी खरी जखम असते आणि बहुधा ती अजून वाहत असते. त्या माणसाला ‘समोरच्यांची बाजू समजून घे’ असं सांगणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. आधी इजा थांबली पाहिजे.

आता वडिलांचं काय करायचं? नुसतं एकत्र बसवून भागत नाही. शरीफ यांच्या शिबिरात वैर पेटल्यावर दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं, तर तिथेही मारामारी झाली. फरक पडला तो पाणी बंद पडल्यावर आणि ट्रक अडल्यावर. आधी ज्या दोरखंडाने ते एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळले होते, तोच दोर लावून सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. एकदा ओढून सगळं मिटलं असंही झालं नाही, अशी कामं पुन्हा पुन्हा करावी लागली. ऑलपोर्ट यांच्या अटी याच धर्तीच्या आहेत: दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम हातात हात घालून, आणि वरच्यांचा पाठिंबा. पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो असं त्यांना आढळलं. या चारही अटी असतील तर परिणाम मोठा, पण त्या पुऱ्या नसल्या तरी थोडाफार होतोच.

तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. आपल्यातल्या कुणाची तरी ‘त्यांच्यातल्या’ कुणाशी घट्ट मैत्री आहे हे नुसतं दिसत राहिलं तरी पूर्वग्रह सैल होतो, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे तुमची मैत्री वडिलांसमोर असणं हेच काम करतं आहे. पण मैत्रिणीला पुरावा म्हणून पुढे करू नका. ‘बघा, ही कशी चांगली आहे’ म्हणालात की ती पुन्हा अपवाद होते, आणि तिला तुमच्या घरात सतत परीक्षा द्यावी लागते. तिच्या घरच्यांबद्दल सहज बोलत जा. तिचा भाऊ नोकरीच्या शोधात आहे, तिच्या आजीला ऐकू येत नाही. अपवादाला भाऊ मिळाला, आजी मिळाली, की कुंपणाची फट बंद करणं अवघड होतं.

वडिलांशी चारचौघांत बोलू नका. चारचौघांत माणूस मत सांगत नसतो, आपली जागा सांभाळत असतो. लहान मुलांसमोर ते बोलले तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. तिथे समजूत घालण्याचा प्रश्न नाही, मर्यादेचा आहे.

एकट्यात बोलताना आकडे बाजूला ठेवा. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी अमेरिकेतल्या मायामीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरोघर जाऊन साधारण दहा मिनिटं बोलायचं, विषय ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहाचा. आपण वेगळे आहोत म्हणून कुणी आपल्याला नावं ठेवली, असा स्वतःचा प्रसंग समोरच्याला आठवायला सांगायचं आणि ऐकायचं. एवढ्याने पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. मी हे वाचलं तेव्हा त्या गृहस्थांचा चष्मा आठवला.

वडिलांना तुम्ही बहुधा अजून हे विचारलेलं नाही. संध्याकाळी दोघंच असाल, टीव्ही बंद असेल, कुणी यायचं नसेल, अशा वेळी विचारा: “बाबा, तुम्हाला हे पहिल्यांदा कुणामुळे वाटलं?” विचारून झालं की थांबा. ते चिडले, ‘कुणामुळे म्हणजे काय, सगळे तसेच आहेत’ म्हणाले, तर त्या दिवशी तिथेच सोडा आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. एखादं नाव आलं, तर त्या माणसाचं पुढे काय झालं, तो दिसायला कसा होता, तुमची ओळख कुठली, असंच विचारत राहा. तो चांगला होता की वाईट, यावर काही बोलू नका.